विल्यम जेम्स : मोठं पुस्तक लिहून तेच छोटं करून देणारा शिक्षक



डी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र शिकताना आपण सगळ्यांनीच 'जेम्स-लँग उपपत्ती' पाठ केलेली आहे. आधी शरीरात बदल होतो, मग त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना, असं तिचं थोडक्यात सूत्र. पेपरात तेवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण त्यातला जेम्स कोण, कुठला, त्याने आयुष्यभर काय केलं, हे बहुतेकांना कधी कोणी सांगितलेलं नसतं.

आजच्या पाठात त्याचं चरित्र पाहू. हे चरित्र निवडण्याचं कारण आहे. डी.एल.एड.चे प्रवेश झाले की किंवा टीईटीची जाहिरात निघाली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : मानसशास्त्रासाठी कोणतं पुस्तक घेऊ? जाडजूड संदर्भग्रंथ घेऊ की छोटं घेऊ? की सरळ गाईड घेऊ? टीईटीच्या दीडशे गुणांपैकी तीस गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आहेत, त्यामुळे प्रश्न खराच आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून अध्यापक विद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुली-मुलांच्या घरात त्यांच्याआधी कोणी एवढं शिकलेलं नसतं. पहिलंच पुस्तक जड गेलं तर हा विषय आपल्यासाठी नाहीच, असं त्यांच्या मनात बसतं. फारच पोकळ पुस्तक हाती लागलं तर व्याख्या पाठ होतात, पण वर्गातलं लेकरू काही कळत नाही.

विल्यम जेम्सने हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवला. एका विषयावरचं प्रचंड पुस्तक त्यानेच लिहिलं आणि विद्यार्थ्यांसाठी ते कापून छोटंही त्यानेच केलं.

बालपण आणि शाळा

विल्यम जेम्सचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. आजोबा आयर्लंडहून आलेले. त्यांनी व्यापारात अफाट पैसा कमावला. वडील हेन्री जेम्स यांचा लहानपणी भाजल्यामुळे एक पाय कापावा लागला होता. त्यांना नोकरीधंद्याची गरज नव्हती. धर्म आणि तत्त्वज्ञान यांचं वाचन, लेखन आणि चर्चा यांतच त्यांचं आयुष्य गेलं. इमर्सनसारखे विचारवंत घरी येत. जेवणाच्या टेबलावर मोठ्यांसोबत मुलांनीही वाद घालायचा, अशी घरची रीत होती. पाच भावंडांत विल्यम सर्वांत थोरला. त्याच्यापेक्षा वर्षाने धाकटा हेन्री पुढे इंग्रजीतला फार मोठा कादंबरीकार झाला.

वडिलांना कोणतीच शाळा पसंत पडायची नाही. त्यामुळे मुलांची सतत शाळाबदल. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, जिनिव्हा, बॉन अशा गावांतून विल्यमचं शिक्षण झालं. फ्रेंच आणि जर्मन भाषा चांगल्या आल्या, चित्रं आणि संग्रहालयं भरपूर पाहून झाली, पण एका जागी बसून क्रमाने शिकणं फारसं झालं नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा कशी तुटते ते आपण पाहतो. जेम्सच्या घरी पैशाची ददात नव्हती, हा मोठा फरक. तरी कोणत्या विषयात पाय रोवावा, हे त्याला बरीच वर्षं उमगलं नाही.

वाट सापडेना

अठराव्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं आणि विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराकडे शिकायला लागला. काही महिन्यांतच ते सोडलं. १८६१ मध्ये हार्वर्डच्या विज्ञान शाखेत रसायनशास्त्राला नाव घातलं. तेही पटेना, म्हणून १८६४ मध्ये वैद्यकीय शाखेत गेला. मध्येच १८६५ साली लुई अगासिझ या प्राणिशास्त्रज्ञासोबत ब्राझीलला, ॲमेझॉन नदीच्या मोहिमेवर गेला. तिथे देवीसारख्या आजाराने आजारी पडला. माशांचे नमुने गोळा करता करता त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यभर हे काम आपल्याच्याने होणार नाही.

पुढे पाठदुखी आणि डोळ्यांचा त्रास सुरू झाला. १८६७-६८ मध्ये तो जर्मनीत राहिला. उपचार चालू होते आणि वाचनही चालू होतं. शरीरविज्ञानाच्या मदतीने मनाचा अभ्यास करता येईल, असं तिथले शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. १८६९ मध्ये तो डॉक्टर झाला, पण डॉक्टरकी त्याने एक दिवसही केली नाही.

त्यानंतरचा काळ फार वाईट गेला. खोल नैराश्य आलं. आपल्या हातात काहीच नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे, मग धडपड कशाला करायची, हा विचार त्याला पोखरत होता. १८७० च्या एप्रिलमध्ये शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेख वाचताना त्याला एक धागा सापडला. माणूस एखादा विचार ठरवून मनात धरून ठेवू शकतो, तेव्हा आपल्याला निवड करता येते. आपली निवड खरी आहे हे आधी मानायचं आणि त्याप्रमाणे रोज थोडं थोडं वागायचं, असं त्याने वहीत लिहून ठेवलं. आजार एका दिवसात गेला नाही, पुढेही तो अधूनमधून येतच राहिला. तरी त्याच्या पुढच्या लेखनातले सवय आणि इच्छाशक्ती हे दोन विषय इथूनच आले.

तिशीत मिळालेली नोकरी

हार्वर्डचा अध्यक्ष चार्ल्स एलियट हा जेम्सचा रसायनशास्त्राचा जुना शिक्षक. त्याने जेम्सला शरीरविज्ञान शिकवायला बोलावलं. १८७३ मध्ये जेम्स वर्गात उभा राहिला आणि तिथे त्याचं मन रमलं. तिशी ओलांडल्यावर त्याला आपलं काम सापडलं. दहावी-बारावीत मूल जरा अडखळलं की आता याचं काही खरं नाही म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

१८७५ मध्ये त्याने मानसशास्त्राचा पहिला वर्ग सुरू केला. त्या काळी अमेरिकेतल्या कॉलेजांत मनाविषयी जे शिकवलं जाई ते बहुतेक धर्म आणि नीतीच्या अंगाने. मेंदू, मज्जातंतू, प्रयोग यांचा त्यात फारसा संबंध नसे. जेम्सने प्रयोग दाखवण्यासाठी काही उपकरणंही मांडली. जर्मनीत विल्हेल्म वुंटची प्रसिद्ध प्रयोगशाळा निघाली ती १८७९ मध्ये, म्हणजे त्यानंतर.

अडचण होती पुस्तकाची. शिकवायचं कशावरून? सुरुवातीला जेम्सने हर्बर्ट स्पेन्सरचं मानसशास्त्र वर्गात लावलं. पण स्पेन्सरचे विचार त्याला पटत नव्हते. १८७८ मध्ये त्याने स्पेन्सरच्या मनाच्या व्याख्येवर टीका करणारा लेखही छापला. म्हणजे पुस्तक हातात, पण शिक्षकाचं त्याच्याशी पटत नाही, अशी अवस्था. आपल्यापैकी अनेकांना ही अवस्था माहीत आहे.

दोन वर्षांचा वायदा, बारा वर्षांचं काम

१८७८ हे वर्ष त्याच्या आयुष्यात महत्त्वाचं ठरलं. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या ॲलिस गिबन्स या शाळाशिक्षिकेशी त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी हेन्री होल्ट या प्रकाशकाशी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा करार झाला. दोन वर्षांत पुस्तक देतो, असं जेम्सने सांगितलं. लग्नानंतर फिरायला गेलेले असतानाच नवराबायकोने मिळून लेखनाला सुरुवात केली. तो सांगायचा आणि ॲलिस उतरवून घ्यायची.

दोन वर्षांची बारा वर्षं झाली. मध्ये १८८२ साली आई गेली, त्याच वर्षी वडीलही गेले. १८८५ मध्ये तान्हा मुलगा हर्मन दगावला. डोळे साथ देत नव्हते. वर्ग चालूच होते. जेम्स एकेक प्रकरण लिहायचा आणि नियतकालिकात लेख म्हणून छापायचा. भावनेवरचा त्याचा गाजलेला लेख १८८४ चा, सवयीवरचा १८८७ चा. लोकांच्या शंका आल्या की तो परत लिहायला बसायचा.

शेवटी १८९० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' हा ग्रंथ दोन खंडांत बाहेर आला. अठ्ठावीस प्रकरणं, जवळजवळ चौदाशे पानं. हस्तलिखित पाठवताना जेम्सने प्रकाशकाला लिहिलं होतं, की हा फुगलेला, सुजलेला गोळा पाहून त्याला स्वतःलाच किळस येते. तो नेहमीच स्वतःची अशी थट्टा करायचा. पुस्तक मात्र जगभर गाजलं. विचार सुट्या मण्यांसारखे नसतात, मन हे सतत वाहणारं आहे, ही 'संज्ञाप्रवाहा'ची कल्पना या पुस्तकामुळेच सर्वदूर पोचली.

या ग्रंथातलं एक उदाहरण शिक्षकांना आवडेल. पाठांतर करत राहिलं की स्मरणशक्तीच वाढते, असं सगळेच मानत. जेम्सने ते स्वतःवर तपासून पाहिलं. व्हिक्टर ह्युगोच्या एका दीर्घ कवितेच्या १५८ ओळी त्याने पाठ केल्या. वेळ लागला सुमारे १३२ मिनिटं. मग महिनाभराहून जास्त काळ मिल्टनचं काव्य रोज पाठ करून सराव केला. त्यानंतर ह्युगोच्या त्याच कवितेच्या पुढच्या १५८ ओळी घेतल्या, तर या वेळी सुमारे १५२ मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी तो कामाने थकलेला होता, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. त्याचं म्हणणं असं, की नुसत्या घोकण्याने मूळ धारणशक्ती वाढत नाही. नवी गोष्ट जुन्या माहितीशी जितक्या धाग्यांनी जोडाल तितकी ती टिकते. एकाच माणसावर केलेला हा प्रयोग अपुरा होता, पण शिक्षकाने प्रश्न कसा विचारावा हे त्यातून दिसतं.

लेखकानेच सांगितलं, काय वगळा

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. चौदाशे पानं पहिल्यांदा मानसशास्त्र शिकणाऱ्या पोराने वाचायची कशी? जेम्सला हे कळत होतं. मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्याने नवशिक्यांना सांगून टाकलं, की पहिल्या वाचनात दहा प्रकरणं पूर्ण आणि आणखी एकाचा काही भाग सोडून द्या. एवढंच नव्हे, तर क्रमही सुचवला. चौथं प्रकरण सवयीचं. ते वाचून झालं की सरळ तेविसाव्यावर जा. तिथून पुढे हालचाल, सहजप्रवृत्ती, भावना आणि इच्छाशक्ती अशी चार प्रकरणं वाचा आणि मग पहिल्या खंडाकडे परत या.

ही यादी नीट पाहा. सवय, हालचाल, सहजप्रवृत्ती, भावना, इच्छा. हे सगळं माणूस स्वतःमध्ये रोज अनुभवतो. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी आणि तात्त्विक वादांकडे नंतर यावं, असा त्याचा हिशेब होता. परिचिताकडून अपरिचिताकडे हे सूत्र आपण पाठ टाचणात लिहितो, तेच इथे लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला लावलं.

पण नुसत्या सूचनेने भागणार नव्हतं. दोन खंड विकत घेणं आणि वर्षभरात वर्गात शिकवून संपवणं अवघडच होतं. होल्टच्या विज्ञानमालेत एकेका विषयाचं मोठं पुस्तक आणि त्याचा छोटा अभ्यासक्रम अशी पद्धत होती. त्यानुसार जेम्सने १८९१ मध्ये छोटं पुस्तक तयार केलं आणि १८९२ मध्ये 'सायकॉलॉजी : ब्रीफर कोर्स' या नावाने ते बाजारात आलं. पाचशेच्या आत पानं, एकच खंड. विद्यार्थ्यांनी दोन्ही पुस्तकांना टोपणनावं ठेवली. मोठं ते 'जेम्स' आणि छोटं ते 'जिमी'. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजांत मानसशास्त्राची सुरुवात या 'जिमी'नेच होत राहिली.

छोटं कसं केलं?

प्रस्तावनेत जेम्सने सांगितलं आहे, की छोट्या पुस्तकाचा सुमारे दोन पंचमांश भाग नवा किंवा नव्याने लिहिलेला आहे आणि बाकीचा मोठ्यातूनच कात्री-डिंक वापरून घेतलेला आहे. या दोन पंचमांशाकडे लक्ष द्या. पानं फाडून पुस्तक छोटं झालेलं नाही. लेखकाला पुन्हा लिहायला बसावं लागलं.

त्याने काढलं ते असं : इतर विद्वानांशी घातलेले वाद, विषयाचा इतिहास, दुसऱ्यांच्या पुस्तकांतले लांबलचक उतारे, संदर्भांच्या याद्या आणि तत्त्वज्ञानाच्या खोल चर्चा. नव्याने घातलं ते असं : डोळे, कान, त्वचा यांच्या संवेदनांची छोटी छोटी प्रकरणं. मोठ्या ग्रंथात ती नव्हती, पण सुरुवातीच्या विद्यार्थ्याला लागतात. आणि ठेवलं ते असं : सवय, संज्ञाप्रवाह, 'स्व', अवधान, स्मरण, कल्पना, तर्क, भावना, इच्छाशक्ती. विषयाचा कणा त्याने मोडला नाही.

सवयीचं प्रकरण तर आजही शिक्षकाने वाचण्यासारखं आहे. कापडाला एकदा घडी पडली की ते पुन्हा तिथेच दुमडतं, तशी मज्जासंस्थेत वाट पडते, असं तो समजावतो. मग नवी सवय लावण्याचे नियम येतात. सुरुवात जोरात करायची. सवय मुरेपर्यंत एकदाही खंड पडू द्यायचा नाही, कारण गुंडाळत आणलेला दोऱ्याचा गुंडा एकदा हातातून सुटला की घातलेले कितीतरी वेढे उलगडतात. ठरवलेलं करायची पहिली संधी आली की लगेच करायचं. आणि रोज एखादी छोटी, मनाविरुद्धची गोष्ट मुद्दाम करून स्वतःला तयार ठेवायचं. पहिलीच्या वर्गात हात धुण्याची किंवा दप्तर आवरण्याची सवय लावताना आपण हेच करतो.

यात गमावलं काय?

छोट्या पुस्तकाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. स्वतः जेम्सही ते करत नव्हता. त्याने प्रकाशकाला थट्टेने कळवलं होतं, की वाद, इतिहास, उतारे, विनोद आणि भावनेचा ओलावा असं सगळं काढून टाकून त्याने असं पुस्तक तयार केलं आहे की त्याने लेखक आणि प्रकाशक दोघेही श्रीमंत होतील, विद्यार्थ्याचं डोकं श्रीमंत झालं नाही तरी.

थट्टा असली तरी तिच्यात दुखरी जागा आहे. त्याने क्रमाच्या बाबतीत एक तडजोड केली होती. मोठ्या ग्रंथात त्याने ठासून मांडलं होतं, की सुटी संवेदना ही मनाची सुरुवात मानणं चूक आहे. आपल्याला आधी अनुभवाला येतो तो अखंड प्रवाह आणि तुकडे आपण नंतर पाडतो. म्हणून तिथे संवेदनेचं प्रकरण बरंच पुढे, सतरावं आहे. छोट्या पुस्तकात मात्र संवेदना दुसऱ्याच प्रकरणात येते आणि संज्ञाप्रवाह अकराव्यात. वर्गात शिकवण्याची रूढ पद्धत तशी होती. पुस्तक सोपं झालं, पण लेखकाचं म्हणणं थोडं वाकलं.

इतिहास काढला की वेगळंच नुकसान होतं. एखादी कल्पना कोणी मांडली, कोणी खोडली, वाद कुठे अडला, हे दिसेनासं होतं आणि विद्यार्थ्याला सगळं सिद्ध झालेलंच वाटायला लागतं. हा धोका ओळखूनच की काय, जेम्सने छोट्या पुस्तकाच्या शेवटी स्पष्ट केलं, की मानसशास्त्र अजून पुरतं शास्त्र झालेलं नाही, ते होईल अशी आशा आहे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपल्याच विषयाचं अपुरेपण सांगणारे लेखक फार थोडे.

विद्यार्थी

पुस्तकापलीकडचा जेम्स त्याच्या विद्यार्थ्यांमधून दिसतो. १८९० मध्ये मेरी कॅल्किन्स ही शिक्षिका त्याच्या वर्गात आली. हार्वर्डमध्ये तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता, ती पाहुणी म्हणूनच बसणार होती. वर्गातले पुरुष विद्यार्थी गळाले आणि नुकत्याच छापलेल्या त्या मोठ्या ग्रंथावर जेम्स आणि कॅल्किन्स दोघेच चर्चा करत बसले. पुढे तिने पीएच.डी.साठी लागणारं सगळं काम पुरं केलं, परीक्षकांनी गौरवलं, तरी विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०५ मध्ये ती अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

दुसरा विद्यार्थी आपल्या अगदी ओळखीचा : एडवर्ड थॉर्नडाइक. प्रयत्न-प्रमाद पद्धत, कोड्याच्या पेटीतली मांजर, अध्ययनाचे नियम, हे सगळं याचंच. हार्वर्डला शिकताना तो कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचा. घरमालकिणीने पिल्लं ठेवायला नकार दिला. विद्यापीठातही जागा मिळेना, तेव्हा जेम्सने ती पिल्लं स्वतःच्या घराच्या तळघरात ठेवून घेतली. जेम्सच्या लेकरांना तर गंमतच झाली. मानसशास्त्राच्या गाईडमध्ये जेम्स एका पानावर आणि थॉर्नडाइक दुसऱ्या पानावर असतो. मधलं हे तळघर गाईडमध्ये येत नाही.

शिक्षकांसाठी तिसऱ्यांदा

१८९२ पासून जेम्सने केंब्रिज शहरातल्या शाळाशिक्षकांसाठी व्याख्यानं दिली. नंतर ती ठिकठिकाणी झाली. इथे त्याला असं आढळलं, की शिक्षकांना विश्लेषणाच्या किचकट बाबी नको असतात, त्यांना वर्गात वापरता येईल असं हवं असतं. म्हणून दर वेळी तो तांत्रिक भाग आणखी गाळत गेला. १८९९ मध्ये ही व्याख्यानं 'टॉक्स टू टीचर्स' या नावाने पुस्तकरूपात आली. एकाच माणसाने एकच विषय आधी विद्वानांसाठी, मग विद्यार्थ्यांसाठी आणि मग शिक्षकांसाठी असा तीनदा लिहिला.

त्यातले दोन विचार इथे सांगतो. पहिला, मानसशास्त्र हे शास्त्र आहे आणि शिकवणं ही कला आहे. शास्त्रातून कला आपोआप निघत नाही, मध्ये शिक्षकाची स्वतःची बुद्धी लागते. मानसशास्त्र चुका टाळायला मदत करतं, पण पाठ कसा घ्यायचा ते शिक्षकानेच शोधायचं. दुसरा, मुलाने ऐकलेलं त्याच्या हातून, तोंडातून, कृतीतून बाहेर आलंच पाहिजे. नुसतं कानात गेलेलं टिकत नाही. आपण ज्ञानरचनावाद म्हणून प्रशिक्षणांत जे ऐकतो, त्याच्या मुळाशी असलेल्या विचारांपैकी हा एक. जेम्सचा मोठा ग्रंथ वाचूनच जॉन ड्यूईच्या विचारांना वळण मिळालं होतं.

शेवटची वर्षं

जेम्स पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. १८९६ मध्ये स्वामी विवेकानंद हार्वर्डला व्याख्यानासाठी आले, तेव्हा दोघांचा परिचय झालेला होता. वेदान्ताविषयी जेम्सने नंतर आपल्या पुस्तकांत लिहिलंही. १८९८ मध्ये डोंगर चढताना त्याच्या हृदयावर ताण आला आणि तब्येत ढासळली. तरी १९०१-०२ मध्ये एडिंबरोला जाऊन त्याने धर्मानुभवावर गाजलेली व्याख्यानं दिली. १९०७ मध्ये तो हार्वर्डमधून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी 'प्रॅग्मॅटिझम', म्हणजे फलप्रामाण्यवादावरचं त्याचं पुस्तक आलं. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या चोकोरुआ इथल्या घरी त्याचं निधन झालं.

आपण पुस्तक निवडताना

जेम्सच्या कामावरून छोटं पुस्तक पारखण्याच्या चार खुणा मिळतात.

१. काय गाळलंय ते पाहा. वाद, याद्या, लांब उतारे गाळले असतील तर चालेल. उदाहरणं आणि कारणं गाळून नुसत्या व्याख्या उरल्या असतील तर ते पुस्तक छोटं नाही, रिकामं आहे.

२. एखादं प्रकरण सलग वाचून पाहा. सवय, अवधान किंवा स्मरण यांपैकी कोणतंही उघडा. एक पान वाचून आपल्या वर्गातलं एखादं मूल डोळ्यांसमोर आलं, तर पुस्तक कामाचं.

३. पुढची वाट दाखवली आहे का ते पाहा. 'जिमी' वाचलेल्याला पुढे 'जेम्स' उघडता येत होतं. चांगलं छोटं पुस्तक मोठ्या पुस्तकाची भीती घालवतं.

४. विषयाचं अपुरेपण मान्य केलं आहे का ते पाहा. सगळं ठरलेलं, सगळ्याचं एकच उत्तर, असं सांगणारं पुस्तक परीक्षेपुरतं ठीक. मुलांबरोबर काम करताना ते अपुरं पडतं.

गाईड अजिबात वापरू नये, असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आधी उजळणीला ते उपयोगी पडतं. पण विषयाशी पहिली ओळख गाईडने करून देऊ नका. आधी एक बरं छोटं पुस्तक पूर्ण वाचू द्या, मग उजळणी, मग जमेल तेव्हा मोठं. ज्यांच्या गावात किंवा शाळेत वाचनालय आहे त्यांनी मोठा ग्रंथ तिथे ठेवायला सांगावा. एकेकट्याला तो परवडत नाही, पण एक प्रत दहा जणांना पुरते.

आणि आपण स्वतः नोट्स काढून देतो, तेव्हा हेच नियम आपल्यालाही लागू होतात. मूळ पुस्तक नीट वाचल्याशिवाय त्यातलं काय सोडायचं हे ठरवता येत नाही. जेम्सने पाचशेच्या आतलं पुस्तक दिलं, त्याच्या आधी त्याने बारा वर्षं चौदाशे पानांवर काढली होती.

पुढच्या पाठात थॉर्नडाइक आणि त्याचे अध्ययनाचे नियम घेऊ. तुम्ही मानसशास्त्राची सुरुवात कोणत्या पुस्तकाने केली आणि त्यातलं आज वर्गात काय उपयोगी पडतं, ते नक्की कळवा.